नागपूरहून सांदकफू-फालूट: बाबांना तंबू नको, डोक्यावर छप्पर पाहिजे

पायवाट_हिंगणा

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर बाबांना घेऊन हिमालयात चालायला जायचं आहे. मी ४४ वर्षांचा, हिंगण्याला एमआयडीसीत नोकरी करतो. बाबा ६७ चे. पचमढीची नागद्वारी त्यांनी एकतीस वेळा केली आहे. श्रावणात पाऊस कितीही असो, नागपंचमीच्या आधी चार दिवस बाबा घरी सापडायचे नाहीत. शिड्या चढायच्या, ओढे ओलांडायचे, रात्री आपल्या विदर्भातल्याच एखाद्या मंडळाच्या मांडवात जेवून तिथेच आडवं व्हायचं अन् सकाळी पुन्हा चालू लागायचं.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर बाबा घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, नागद्वारीही चुकली. आणि मागच्या रविवारी जेवताना एकाएकी म्हणाले, "मले कांचनजंगा पाहाची आहे. पण तंबूत नाही झोपणार. मंडळात झोपतो तसं डोक्यावर छप्पर पायजे अन् गरम वरण-भात पायजे."

शोधता शोधता दार्जिलिंग भागातल्या सांदकफू-फालूट ट्रेकपर्यंत आलो. तिथे रोजच्या मुक्कामाला ट्रेकर्स हट किंवा लॉज असतात, तंबू न्यावा लागत नाही, एवढं कळलं. मी, बाबा आणि माझी धाकटी बहीण असे तिघं जाणार. बाबांना बीपीची एक गोळी सुरू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. एकाने सांगितलं की जीपने थेट वर जा, एक दिवस फिरा आणि या. दुसरा म्हणतो चार दिवसांत होतं. आम्हाला मुळात किती दिवस काढावे लागतील, मुक्काम कुठे कुठे करावेत, आणि नागपूरसारख्या सपाट गावात बाबांची तयारी कशी करून घ्यावी? ज्यांनी हा रस्ता स्वतः चालला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माहेर_रामटेक

दादा, मी ५८ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली. सांदकफूला दोनदा गेले. पहिल्यांदा जशी गेले तशी तुम्ही जाऊ नका, म्हणून आधी तेच सांगते.

पहिल्या वेळी आम्ही एका सहल आयोजकाबरोबर गेलो होतो. न्यू जलपाईगुडीला सकाळी गाडीतून उतरलो, ती रात्र मानेभंजनला काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जीपने थेट सांदकफू. कुठे जलपाईगुडीची सपाटी आणि कुठे ३६३६ मीटर! पश्चिम बंगालमधली ती सगळ्यात उंच जागा आहे. संध्याकाळी यांचं डोकं दुखायला लागलं. जेवण गेलं नाही, मग उलट्या. आयोजकाचा माणूस म्हणाला, प्रवासाचा थकवा आहे, झोपा. रात्री एकच्या सुमारास हे बाहेर जायला उठले आणि दारापर्यंतची आठ पावलं त्यांना सरळ टाकता येईनात, भिंत धरून चालत होते. लॉजवाल्या दिदीने ते पाहिलं. तिने माझ्याशी एक शब्द बोलायच्या आधी जीपवाल्याला हाक मारली. रात्री दोनला आम्ही खाली निघालो. गैरीबास २६०० मीटरवर आहे, म्हणजे हजार मीटर खाली. तिथे पोहोचेपर्यंत यांनी स्वतःहून चहा मागितला. तो चहा मी जन्मभर विसरणार नाही.

म्हणून सांगते, आधी मुक्काम ठरवा, किलोमीटर मागून मोजा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आजची झोप कालच्यापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचावर नको आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढायची, असा डॉक्टर लोकांचा सर्वसाधारण नियम आहे. हा रस्ता पायी चाललात तर ते मुक्काम आपोआप त्यात बसतात. जीपने गेलात की सगळं मोडतं.

दुसऱ्या वेळी आम्ही असे चाललो. मानेभंजन साधारण २१०० मीटरवर आहे, तिथे पोहोचल्यावर एक रात्र राहिलो. पहिला दिवस तुमलिंग. सुरुवातीचे तीन किलोमीटर चित्रेपर्यंत खडी चढण आहे, धाप तिथेच लागते, पुढे मेघमापासून रस्ता मोकळा होतो. तेरा किलोमीटर धरा. तुमलिंग २९७० मीटरवर आहे आणि ते गाव नेपाळात आहे. हा सगळा रस्ताच सीमेवरून नागमोडी जातो, सकाळी नेपाळात चहा अन् दुपारी भारतात जेवण. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण चौक्यांवर ओळखपत्र दाखवावं लागतं. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट तिघांचाही न्या, नुसत्या आधारवर विसंबू नका.

दुसरा दिवस कालीपोखरी. आधी गैरीबासला उतरायचं, मग कमावलेली उंची पुन्हा चढायची, यात बाबांची चिडचिड होईल. आमचीही झाली होती. कालीपोखरी ३१८६ मीटरवर. तिथे एक छोटं काळं तळं आहे, भोवती मंत्र छापलेल्या पताका फडफडत असतात, अगदी आपल्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत दिसतात तशा. तिसरा दिवस सांदकफू, फक्त सहा किलोमीटर. पण त्यातले शेवटचे दोन किलोमीटर पाय धरून ठेवतात. वाटेत बिखेभंजन लागतं. बिख म्हणजे विष, आपला बचनाग. तो या डोंगरांत उगवतो आणि सांदकफूच्या नावाचा अर्थही विषारी झाडांचा माथा असाच सांगतात. बाबांना आणि बहिणीला सांगा, वाटेतली झाडंपानं हाताने खुडायची नाहीत.

चौथा दिवस सांदकफूलाच थांबा. लोक हाच दिवस वाचवतात. तुम्ही वाचवू नका. हवा बिघडली तर तो हाताशी राहतो, नाही बिघडली तर दोन पहाटा मिळतात. नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं. कुंभकर्ण, कांचनजंगा आणि पांडिम ही शिखरं मिळून आडवा झोपलेला बुद्ध दिसतो, आणि कांचनजंगा, ८५८६ मीटर, त्यात मधोमध. डावीकडे लांबवर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. जगातल्या पाच सर्वांत उंच शिखरांपैकी चार एका जागी उभं राहून दिसतात. मी पहिल्या पहाटे नुसती रडले. फोटो दुसऱ्या पहाटे काढले.

पाचवा दिवस फालूट, २१ किलोमीटर. डोंगराच्या धारेवरून चालायचं, चढउतार फार नाहीत पण अंतर मोठं आणि वाटेत दुकान नाही, पाण्याची सोय नाही म्हटलं तरी चालेल. प्रत्येकी दोन लिटर पाणी भरून निघायचं, पहाटे सहाला निघायचं. फालूटला राहायच्या जागा अगदी थोड्या आहेत आणि हीच तुमच्या सगळ्या आखणीची किल्ली आहे. बाकी गावांत एक लॉज भरलं तर शेजारचं मिळतं, फालूटला शेजारच नाही. दार्जिलिंग भागातले सरकारी ट्रेकर्स हट जीटीए, म्हणजे गोरखालँड प्रादेशिक प्रशासन चालवतं. त्यांच्या पर्यटन विभागाकडून किंवा मानेभंजनच्या गाइडमार्फत फालूटची रात्र पक्की करा आणि तिथून मागे मोजत बाकीच्या तारखा लावा. गाइड घेणं तिथे सक्तीचंच आहे आणि बाबांसाठी एक हमालही घ्या.

सहावा दिवस गोर्खे. पंधरा किलोमीटरमध्ये तेराशे मीटर उतार. चढण फुफ्फुसांची परीक्षा घेते, हा उतार गुडघ्यांची. दोन काठ्या लागतातच. खाली गोर्खे म्हणजे दोन ओढ्यांच्या संगमावरची चार घरं, मक्याची कणसं छताला टांगलेली, पलीकडे सिक्कीम. सातव्या दिवशी राम्माममार्गे श्रीखोला आणि तिथून गाडी.

हटमध्ये काय मिळतं ते लिहिते, कारण बाबांनी वरण-भात मागितला आहे. वरण-भात मिळतोच, रोज दोन्ही वेळा. सोबत बटाट्याची भाजी, कधी राईचं साग, अंडं. जाड रजया देतात. गरम पाणी बादलीने विकत. वीज भरवशाची नाही, फोनसाठी पॉवर बँक न्या. मी जवसाची चटणी डबाभर नेली होती. तिसऱ्या दिवसानंतर त्याच वरण-भाताला तिच्यामुळे चव राहिली. सांदकफूच्या दिदीला चमचाभर दिली तर तिने वास घेऊन विचारलं, हे कशाचं? तीसी म्हटल्यावर तिला कळलं.

अजून एक. तिथे फोन नेपाळचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं. यांनी एकदा सगळ्यांना पंधरा मिनिटं आधी उठवून थंडीत उभं केलं. वेळ हाताने लावून ठेवा आणि रोमिंग बंद करा.

लॅबवाला_मेडिकल_चौक

माहेर_रामटेक ताईंनी रस्ता पूर्ण सांगितला. मी एकच गोष्ट सांगतो, जी दुसऱ्या राज्यातले ट्रेकर सांगणार नाहीत कारण त्यांच्याकडे तो प्रश्न नाही.

दादा, तिघांचीही सिकलसेलची तपासणी झाली आहे का? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं काम करून राहिलो. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि आपल्या नागपुरातही सिकलसेल भरपूर आहे. एसएस पॅटर्नवाल्याला लहानपणीच कळतं, दुखणं येतंच. एएस पॅटर्न म्हणजे नुसता वाहक. त्याला काहीच त्रास नसतो, आयुष्यभर कळतही नाही. पण उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की काही वाहकांच्या रक्तपेशी पानथरीत (प्लीहेत) अडकतात आणि तिचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली कळ येते.

माझ्या चुलतभावाचं हेच झालं, दुसऱ्या एका ट्रेकमध्ये, साडेतीन हजार मीटरच्या वर. सोबतच्यांना वाटलं गॅस झाला, त्याला लिंबूसोडा पाजत राहिले. तो दोन दिवस तसाच चालला. खाली आणून सोनोग्राफी केली तेव्हा पानथरीवरचा डाग दिसला. मग माझ्याच लॅबमध्ये त्याचं रक्त तपासलं. एएस. वय ३८, दोन लेकरांचा बाप, तोपर्यंत एकदाही तपासणी झाली नव्हती. मी त्याच्या घरातला माणूस, याच कामातला, आणि मला कधी त्याला म्हणावंसं वाटलं नाही की चल, एक थेंब रक्त दे. हे मला अजून टोचतं.

पहिली सोल्युबिलिटी चाचणी काही मिनिटांत होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून पॅटर्न कळतो. २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. एएस निघाला म्हणून जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना विचारून जा, पाणी भरपूर प्या, आणि डाव्या बाजूला दुखलं तर गॅस समजू नका, त्याच क्षणी खाली उतरा. गाइडलाही आधी सांगून ठेवा.

आणि बाबांची बीपीची गोळी कोणती ते पाहून फिजिशियनशी बोला. उंचीवर बीपी आधी थोडं वाढतं. तिथे उंचीसाठी म्हणून लोक डायमॉक्स वाटत फिरतात. ती कोणाच्या हातून घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेष. डॉक्टरांनी लिहून दिली तर घ्या.

अजनी_जंक्शन

गाडीचं मी सांगतो. संध्याकाळी नागपुरातून गीतांजली पकडा, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. तिथून सियालदाला जा आणि रात्रीची दार्जिलिंग मेल, सकाळी न्यू जलपाईगुडी. मध्ये सात-आठ तास हातात राहतात, गाडी उशिरा आली तरी चालतं. पण एकाच दिवसात दोन्ही गाड्या जोडताना जीव वर-खाली होतो, म्हणून मी येताना कोलकात्यात एक रात्र ठेवतो. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं. दिवाळी आणि छठच्या गर्दीत उत्तर बंगालच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, म्हणून छठ उरकल्यावर निघा. जलपाईगुडीहून मानेभंजनला जीपने चार तास धरा.

एका मुद्द्यावर ताईंशी माझं मत जुळत नाही. ६७ वर्षांच्या माणसाला फालूटचे २१ किलोमीटर आणि लगेच दुसऱ्या दिवशी तेराशे मीटर उतार, हे मला जास्त वाटतं. सांदकफूहून गुरदुममार्गे सरळ श्रीखोलाला उतरता येतं. दोन दिवस वाचतात आणि कांचनजंगा तर सांदकफूवरून दिसतेच.

माहेर_रामटेक

अजनी दादा, तो उतार मी पाहिला आहे. सांदकफूहून श्रीखोला म्हणजे एका दमात दीड हजार मीटरच्या वर खाली, जंगलातून, ओल्या मुळांवरून. अंतर कमी आहे पण गुडघ्यांना तो फालूट-गोर्खेपेक्षा सोपा नाही. तरी तुमचं म्हणणं मी टाकून देत नाही. हिंगणा दादा, सांदकफूच्या मोकळ्या दिवशी बाबांना धारेवरून फालूटच्या दिशेने पाच-सहा किलोमीटर चालवून परत आणा. संध्याकाळी ते पोटभर जेवले, डोकं दुखलं नाही, सकाळी स्वतः उठून पहिला चहा प्याले, तर फालूट. यातलं एकही चुकलं तर गुरदुम, किंवा सरळ आलेल्या रस्त्याने जीपने खाली. गाइडला हे निघतानाच सांगून ठेवा, म्हणजे वर गेल्यावर वाद नको.

तयारीचं राहिलं होतं. नागपुरात चढ शोधावा लागतो हे खरं. आम्ही ऑगस्टपासून आठवड्यातले चार दिवस पहाटे फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सवर चढायचो, उतरून पुन्हा चढायचो. बाकी दिवशी मेट्रो स्टेशनचे जिने, सरकता जिना सोडून. पहिले पंधरा दिवस रिकाम्या हाताने, मग पाठीवर तांदळाची पिशवी, दोन किलोपासून सहा किलोपर्यंत. रविवारी रामटेक. गडाच्या पायऱ्या चार वेळा चढा आणि चार वेळा उतरा, आणि लक्ष उतरण्याकडे द्या, कारण गुडघा तिथे तयार होतो. सप्टेंबरात दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन सलग दोन्ही दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चालून पाहा. एक दिवस तर कोणीही चालतो, दुसऱ्या दिवशी सकाळी अंग काय म्हणतं ते कळलं पाहिजे. बूट त्याच चालण्यात रुळवा. मानेभंजनला नवे बूट पायात घालणारी माणसं तुमलिंगला पट्ट्या लावत बसलेली मी पाहिली आहेत.

आणि बाबांच्या चालीबद्दल. नागद्वारीचा माणूस भराभर चालतो, मागून गर्दी येत असते ना. इथे तीच सवय घात करते. माझ्या गाइडने मला शिकवलं, चालताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटलं की वेग जास्त. बहिणीला बाबांच्या पुढे चालू द्या. मुलगी पुढे असली की ते तिला ओलांडून जाणार नाहीत.

पायवाट_हिंगणा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण लॅबवाला भाऊंचं वाचून आम्ही तिघंही आधी तपासणी करायला गेलो. बाबा आणि मी निगेटिव्ह. बहिणीची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एएस. तिचं वय ३९ आणि आम्हाला आज कळलं. म्हणजे आईकडून आलं असावं. आईची तपासणी कधी झालीच नव्हती. संध्याकाळी बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिले थंडीत नेहमी हातपाय दुखत, मी म्हणो हवामानानं."

फिजिशियनकडे वेळ घेतली आहे. बहीण म्हणते कालीपोखरीपर्यंत तर मी येणारच, पुढचं डॉक्टर ठरवतील. तिला तिथेच थांबायचं झालं तर लॉजमध्ये दोन-तीन दिवस एकटीने राहणं सुरक्षित आहे का? की आम्ही सगळ्यांनीच तुमलिंगपर्यंत जाऊन परतावं? तिथूनही कांचनजंगा दिसते असं ऐकलं.

लॅबवाला_मेडिकल_चौक

दादा, बरं केलं. बहिणीच्या मुलांचीही तपासणी करून घ्या, आणि त्यांच्या वडिलांचीही. दोघंही वाहक असतील तर मुलांचा पॅटर्न कळणं जास्त गरजेचं आहे. ट्रेकपेक्षा हे आधी.

माहेर_रामटेक

तुमलिंगवरून कांचनजंगा स्वच्छ दिसते. लॉजच्या अंगणात खुर्ची टाकून दिसते. तिथेच थोडं वर तोंग्लू आहे, ३०७० मीटर, तिथूनही. डॉक्टर नाही म्हणाले तर तिघांनी मिळून तुमलिंगला तीन रात्री राहा, वाईट वाटून घेऊ नका. बाबांनी कांचनजंगा मागितली आहे, फालूट मी सांगितलं.

डॉक्टर हो म्हणाले आणि ताईला कालीपोखरीलाच थांबावंसं वाटलं, तर लॉज घरातलीच माणसं चालवतात, मी स्वतः एकदा तिथे एकटी एक दिवस राहिले, दिवसभर चुलीपाशी बसून होते. पण वाहक असताना ती एकटी नको, दुसरा गाइड तिच्यासोबत ठेवा आणि खाली जाणाऱ्या जीपवाल्याचा नंबर तिच्याजवळ असू द्या.

आणि नोव्हेंबरात निघालात तर अंबिया बहाराची डझनभर संत्री न्या, वजन झालं तरी. जवसाची चटणी दोन डबे करा. एक तुमचा, एक सांदकफूच्या दिदीला. वर कोणी गेलं नाही तर गाइडच्या हाती पाठवा, रामटेकच्या बाईने दिली म्हणून सांगा.